कुलूप कोणी बसवले?



आपल्या गावातल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी मुंबईला कामाला असते. कोणाचा मुलगा, कोणाचा दीर, कोणाचा भाचा. दसरा-दिवाळीला तो गावी येतो. येताना मुलांना कपडे आणतो, म्हाताऱ्या माणसांना मिठाईचा पुडा आणतो. कधी कधी त्याच्या पिशवीत एक रंगीत पुस्तक असते. ते त्याच्या कारखान्याचे मासिक असते. आपण ते हातात घेतो, चित्रे पाहतो आणि ठेवून देतो. पुढे त्याची पाने फडताळात डब्यांखाली जातात.

आता तुम्हांला वाचता येते. म्हणून आज आपण ते पुस्तक उघडू. त्यात काय असते ते पाहू. आणि त्यात कोणाचे नाव असते, कोणाचे नसते, हेही पाहू.

कंपनीचे मासिक

मोठ्या कारखान्यात हजारो माणसे असतात. एका खात्यातल्या माणसाला दुसऱ्या खात्यातले ठाऊक नसते. म्हणून कंपनी आपल्या माणसांसाठी एक मासिक काढते. त्याला गृहपत्रिका असेही म्हणतात. कोणी ते महिन्याला काढतात, कोणी तीन महिन्यांनी, कोणी फक्त दिवाळीला.

जशी आपल्या शेताची कामे ऋतूप्रमाणे ठरलेली, तशाच या मासिकातल्या बातम्याही ठरलेल्या. मार्च महिन्यात सुरक्षा सप्ताहाच्या बातम्या येतात. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. म्हणून ४ मार्चला देशभर सुरक्षा दिन पाळतात. अपघात न होता किती दिवस काम झाले, ते त्या अंकात छापतात. मे महिन्यात कामगार दिन. पावसाळ्याच्या तोंडाशी मुलांच्या परीक्षांचे निकाल. कोणाची मुलगी दहावीला पहिली आली, कोणाचा मुलगा इंजिनिअर झाला. मग येतो दसरा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपण नांगर, कुळव, विळा, कोयता धुऊन पुसून पुजतो. कारखान्यातही तेच. यंत्रे पुसतात, त्यांना झेंडूच्या माळा घालतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात. वर्षभर तेलात आणि आवाजात काम करणारी माणसे त्या दिवशी धुतलेले कपडे घालून येतात. कोणाकोणाच्या बायका-मुलेही येतात. आपला बाप कोणत्या यंत्रावर उभा असतो ते मुलांना त्या दिवशी दिसते. पुष्कळ ठिकाणी याच सुमारास बक्षिसे देतात. ज्याची पंचवीस वर्षे नोकरी झाली त्याचा सत्कार होतो. ज्याने नवी युक्ती काढली त्याला प्रशस्तिपत्र मिळते. मग त्याचा फोटो आणि नाव दिवाळीच्या अंकात येते.

नाव येते हे खरे. पण ते नेहमी योग्य माणसाचेच येते का? यासाठी एक खरी गोष्ट ऐका. ती आपल्या सर्वांच्या मताशी जोडलेली आहे.

सरकारी ठेका म्हणजे काय?

ठेकेदार हा शब्द तुम्हांला नवा नाही. गावात रस्ता होतो, शाळेची खोली होते, ती ठेकेदार बांधतो. काम सरकारचे, पैसा सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा. हात मात्र ठेकेदाराच्या माणसांचे.

कारखान्यांचेही असेच असते. सरकारला हजार वस्तू लागतात. टपालाच्या पेट्या, रेल्वेचे दिवे, पोलिसांचे पट्टे, दवाखान्याच्या खाटा. त्या सगळ्या सरकार स्वतः करत नाही. सरकार जाहीर करते, आम्हांला अमुक वस्तू इतक्या हव्या आहेत, कोण किती किमतीत करून देईल ते सांगा. याला निविदा मागवणे म्हणतात. ज्याची किंमत आणि माल दोन्ही पटतात, त्याला ठेका मिळतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावात, ठरलेला माल द्यावाच लागतो.

असाच एक ठेका १९५१ साली मुंबईच्या उपनगरात आला होता.

विक्रोळीच्या पेट्या

मध्य रेल्वेने मुंबईहून कल्याणकडे जाताना घाटकोपर लागते. त्याच्या पुढचे स्टेशन विक्रोळी. पुढे कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मग मुलुंड. विक्रोळीला रुळांच्या पूर्वेला गोदरेज कंपनीचे मोठे आवार आहे. ही कंपनी मुळात कुलपांची. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपे करायला सुरुवात केली. पुढे तिजोऱ्या आल्या, कपाटे आली. त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी विक्रोळीची जागा घेतली आणि तिथे कारखाना वाढवला. त्या वस्तीला त्यांच्या नावावरून पिरोजशानगर म्हणतात.

त्या वेळी देश नुकताच स्वतंत्र झाला होता. १९५० साली राज्यघटना लागू झाली. घटनेने एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला मत दिले. गरीब असो की श्रीमंत, बाई असो की पुरुष, शिकलेला असो की अडाणी, प्रत्येकाला एक मत. मतदारांची संख्या झाली सुमारे १७ कोटी ३२ लाख. आणि त्या वेळी देशात शंभरातल्या सुमारे ८२ माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते.

आता अडचण पाहा. ज्याला वाचता येत नाही, त्याने मत कसे द्यावे? सुकुमार सेन हे तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांच्या आयोगाने सोपी तोड काढली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. पेटीवर त्याच्या निशाणीचे चित्र लावले. बैलजोडी, झोपडी, कणीस, असे काही. मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. वाचायची गरज नाही.

पण त्यामुळे पेट्या किती लागणार? जितके उमेदवार तितक्या पेट्या, आणि त्याही प्रत्येक मतदान केंद्रावर. देशभर मिळून वीस लाखांहून जास्त पोलादी पेट्या लागल्या. त्यांना सुमारे ८,२०० टन पोलाद लागले. इतके काम एकट्या कारखान्याचे नव्हते. ठेके अनेकांना मिळाले. त्यांतला फार मोठा वाटा विक्रोळीला होता. विक्रोळीत बारा लाखांहून जास्त पेट्या झाल्या.

वेळ फार थोडा होता. मतदान २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाले. हिमाचलातल्या डोंगरी गावांत पुढे बर्फ पडतो, म्हणून तिथे सर्वांआधी मते घेतली. बाकीचा देश मागाहून, २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत. म्हणजे साऱ्या पेट्या काही महिन्यांत व्हायला हव्या होत्या. विक्रोळीत दिवसाला पंधरा हजार पेट्या तयार होतात, असे त्या वेळच्या वर्तमानपत्रात आले होते.

पंधरा हजार! आपण विचार करावा. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा. चीर ठेवायची, झाकण बसवायचे, रंग द्यायचा. एका पेटीला किती हात लागले असतील? आणि एका दिवसात पंधरा हजार वेळा.

कुलुपाचा प्रश्न

या कामात एक गाठ होती. पेटीला कुलूप हवे. कुलूप नसेल तर मते सुरक्षित नाहीत, आणि मते सुरक्षित नसतील तर निवडणूक खोटी. पण पेटीची किंमत ठरलेली होती, अवघी पाच रुपये. पेटीला बाहेरून कुलूप लावावे तर पेटी त्या किमतीत बसेना. कुलुपांची कंपनी, पण तिलाच कुलूप परवडेना!

ही गाठ कोणी सोडवली? कंपनीच्या जुन्या आठवणींत एक नाव येते. नथालाल पांचाळ. हे मोठे साहेब नव्हते. कारखान्यात प्रत्यक्ष यंत्रावर काम करणारे कारागीर होते. त्यांनी सुचवले की, कुलूप बाहेर लावू नये. पेटी बंद करायची योजना पेटीच्या आतच करावी. ती कल्पना पटली. पेटी ठरलेल्या भावात बसली. बाहेर कुलूप नाही, म्हणून खर्चही नाही.

मग त्या पेट्या रेल्वेने देशभर गेल्या. कुठे बैलगाडीतून, कुठे उंटावरून, कुठे होडीतून मतदान केंद्रावर पोचल्या. कोट्यवधी माणसांनी त्यांत आपले पहिले मत टाकले. त्या वेळी कोणाला ठाऊक होते, की या पेटीचे कुलूप एका कामगाराच्या डोक्यातून आले आहे?

पुढे चिन्हावर शिक्का मारायची पद्धत आली, मग मतदानाची यंत्रे आली. २००४ च्या लोकसभेला साऱ्या देशात यंत्रावर मते घेतली गेली. विक्रोळीही पुढे गेली. जिथे मतपेट्या झाल्या, त्याच कंपनीने पुढे सरकारच्या अवकाश संस्थेसाठी रॉकेटची इंजिने केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्याला वर नेणाऱ्या रॉकेटची इंजिने करण्यात विक्रोळीच्या कामगारांचा हात होता. पेटीपासून चंद्रापर्यंत!

पण मला चंद्रापेक्षा त्या पेटीची गोष्ट जास्त आवडते. कारण तिच्याबरोबर एका कारागिराचे नाव राहिले. बाकी हजारो हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. एक नाव राहिले, कारण कोणी तरी ते आठवणीने सांगितले आणि कोणी तरी ते लिहून ठेवले. लिहिले म्हणून राहिले.

नाव नसलेल्या बाया

त्याच निवडणुकीतली दुसरी गोष्ट सांगतो. मतदारांच्या याद्या करायला कारकून घरोघर गेले. पुष्कळ बायांनी आपले नाव सांगितलेच नाही. परक्या माणसाला नाव कसे सांगायचे? कोणी म्हणाली, “अमक्याची आई.” कोणी म्हणाली, “तमक्याची बायको.” आयोगाने सांगितले, असे चालणार नाही. ज्याचे मत त्याचे नाव हवे. तरी नावे मिळाली नाहीत. शेवटी सुमारे २८ लाख बायांची नावे याद्यांतून काढून टाकावी लागली. यांतल्या बऱ्याचशा उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या.

पेटी होती. पेटीवर चित्र होते. कुलूप होते. पण यादीत नाव नव्हते, म्हणून मत गेले. भगिनींनो, तुम्ही आज पाटीवर आपले नाव लिहिता, ते लहान काम समजू नका.

सूचनापेटी

आता पुन्हा कारखान्याकडे येऊ. पुष्कळ कारखान्यांत दारापाशी किंवा जेवणघरापाशी एक पेटी टांगलेली असते. तिला सूचनापेटी म्हणतात. काम सोपे कसे होईल, माल वाया कसा जाणार नाही, अपघात कसा टळेल, हे ज्याला सुचेल त्याने ते कागदावर लिहून पेटीत टाकावे. महिन्याने एक समिती पेटी उघडते, कागद वाचते. चांगली सूचना अमलात आणते आणि बक्षीस देते.

ही रीत जुनी आहे. स्कॉटलंड देशात जहाजे बांधणाऱ्या डेनी नावाच्या कारखान्याने १८८० साली ती सुरू केली. आपल्या देशात जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात ती १९३२ साली आली. सरकारनेही पुढे याला मान दिला. १९६५ साली केंद्र सरकारने श्रमवीर पुरस्कार सुरू केले. पुढे त्यांनाच विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार असे नाव मिळाले. कामगाराने सूचना केली, ती अमलात आली, आणि तिने काम सुधारले किंवा अपघात टळला, तर हा पुरस्कार मिळतो. आपल्या राज्यात १९५३ पासून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आहे. ते गुणवंत कामगारांना पुरस्कार देते.

म्हणजे मान आहे, बक्षीस आहे, पेटीही आहे. पण ही पेटी मतपेटीसारखी नाही. मतपेटीवर चित्र होते. अडाणी माणसालाही ती चालत होती. सूचनापेटीत मात्र चित्र टाकून चालत नाही. तिच्यात लिहिलेला कागद टाकावा लागतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याची अक्कल त्याच्या डोक्यातच राहते. नाही तर दुसऱ्याच्या नावावर जाते.

माझ्या वर्गातली गोष्ट

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षे घाटकोपरला मुलाकडे होतो. तिथे एका चाळीच्या खोलीत रात्री प्रौढांचा वर्ग घेत असे. दहा-बारा माणसे येत. त्यांत एक गृहस्थ होते, चाळिशीचे, सातारा जिल्ह्यातले. त्यांना सगळे मामा म्हणत. जवळच्याच एका कारखान्यात ते प्रेसवर काम करीत. प्रेस म्हणजे पत्र्यातून तुकडा कापून काढणारे यंत्र. तो कारखाना सरकारी खात्यांना माल पुरवीत असे. मामांच्या यंत्रावर गोल झाकणे कापली जात.

एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी मामा वर्गात आले. हातात कंपनीचे मासिक होते, नवे कोरे. ते मला म्हणाले, “गुरुजी, यात माझं नाव असायला पाहिजे. तेवढं बघून सांगा.”

मी विचारले, “कशाबद्दल?”

मग त्यांनी सांगितले. पत्र्यावर झाकणे सरळ रांगांत कापत. एकाखाली एक, एकाखाली एक. मधे मधे पत्रा वाया जाई. मामांना एक आठवण झाली. घरी बायको पुऱ्या करताना मोठी पोळी लाटते आणि वाटीने पुऱ्या पाडते. ती दुसऱ्या ओळीची वाटी पहिल्या ओळीतल्या दोन पुऱ्यांच्या मधल्या खाचेत ठेवते. पीठ कमी उरते. मामांनी पत्र्यावर तसेच करून पाहिले. एका पत्र्यातून जास्त झाकणे निघाली.

यात गणित आहे. गोल तुकडे सरळ रांगांत कापले तर पत्र्याच्या शंभर भागांतले सुमारे ७८ भाग कामी येतात. खाचेत बसवून कापले तर मोठ्या पत्र्यावर ते ९० च्या जवळ जातात. मामांना हे गणित येत नव्हते. पण पुऱ्या ठाऊक होत्या.

मी मासिक उघडले. एका पानावर मोठा फोटो होता. खाली लिहिले होते की, पत्र्याची बचत करणाऱ्या सूचनेबद्दल अमुक सुपरवायझर यांना पहिले बक्षीस. झाकणे कशी कापायची त्याची आकृतीही होती. मामांचे नाव कुठेच नव्हते. मी पाने दोनदा उलटली. नव्हते.

मी वाचून दाखवले. वर्ग गप्प झाला. कोणी तरी म्हणाले, “मामा, तुम्ही जाऊन विचारा.”

मामा म्हणाले, “काय विचारू? मी तोंडानं सांगितलं. कागद त्यानं लिहिला.”

त्या सुपरवायझराने मुद्दाम केले की त्याच्या ध्यानातच आले नाही, ते मी सांगू शकत नाही. कागद त्याने लिहिला होता एवढे खरे. समितीपुढे कागद आला. कागदावर जे नाव, त्याला बक्षीस.

थोड्या वेळाने मामांनी पाटी पुढे ओढली. म्हणाले, “गुरुजी, ‘पत्रा’ कसं लिहायचं?”

त्या दिवसापासून मामांनी एक दिवसही वर्ग बुडवला नाही. दुसरी पाळी असली की सकाळी माझ्या घरी येत. पत्रा, यंत्र, तेल, दिवा, बोट, हात, हे त्यांचे पहिले शब्द. ‘कमळ’ आणि ‘गवत’ त्यांनी मागाहून शिकले.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या खात्यात एका पोराचे बोट प्रेसखाली चेचले. सगळे म्हणाले, पोराचे लक्ष नव्हते. मामांनी चार दिवस त्या यंत्रापाशी उभे राहून पाहिले. मग एक कागद माझ्याकडे आणला. मी त्यात काही बदलले नाही. तो असा होता:

“दिवा पाठीमागे आहे. आपली सावली हातावर पडते. बोट कुठे आहे दिसत नाही. दिवा समोर वर लावावा.”

खाली त्यांचे नाव, बिल्ल्याचा नंबर आणि तारीख.

मी म्हटले, “मामा, याची एक नक्कल करून घरी ठेवा.” त्यांनी ठेवली. कागद सूचनापेटीत टाकला. आठ-दहा दिवसांत दिवा हलला. एका यंत्राचा नव्हे, त्या रांगेतल्या सगळ्या यंत्रांचा.

दसऱ्याला मामांना प्रशस्तिपत्र आणि स्टीलचा डबा मिळाला. दिवाळीचा अंक घेऊन ते वर्गात आले. या वेळी त्यांनी तो माझ्याकडे दिला नाही. स्वतः उघडला. बोट ठेवून वाचू लागले. एका ठिकाणी थांबले. कपाळाला आठी पडली.

मी विचारले, “काय झालं? नाव नाही?”

“नाव आहे. पण आडनावातली वेलांटी चुकलीय, गुरुजी. दीर्घ पाहिजे, ऱ्हस्व छापलीय.”

मी पाहिले. खरेच चुकली होती. सारा वर्ग हसला, मामाही हसले. पण दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या ऑफिसात गेले आणि चूक दाखवून आले. पुढच्या अंकात एका ओळीची दुरुस्ती छापून आली. तो अंकही त्यांनी गावी नेला.

बक्षीस वेगळे, हक्क वेगळा

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शाबासकी चांगली आहे. पण शाबासकी म्हणजे मजुरी नव्हे. स्टीलचा डबा दिला म्हणून पगार कमी करता येत नाही. आणि दिवाळीचा बोनस ही मालकाची मेहेरबानी नाही.

बोनसचा कायदा १९६५ साली झाला. आता तो वेतन संहितेत आला आहे, पण मूळ प्रमाण तेच राहिले आहे. कायद्यात बसणाऱ्या कामगाराला वर्षाच्या पगारावर निदान ८.३३ टक्के बोनस मिळायला हवा. जास्तीत जास्त २० टक्के. वर्षात निदान तीस दिवस काम केलेले असावे लागते.

८.३३ टक्के म्हणजे किती? हिशेब सोपा आहे. बोनससाठी धरलेला पगार महिन्याला ७,००० रुपये असेल, तर वर्षाचे ८४,००० रुपये झाले. त्याचे ८.३३ टक्के म्हणजे जवळजवळ ७,००० रुपये. थोडक्यात, एका महिन्याचा पगार.

ठेकेदाराकडच्या माणसांनी आणखी सावध राहावे. ती कारखान्यात काम करतात, पण त्यांचे नाव कारखान्याच्या पटावर नसते, ठेकेदाराच्या पटावर असते. मासिकात त्यांचे फोटो क्वचित येतात. १९७० साली ठेक्यावरच्या कामगारांसाठी कायदा झाला. त्याने असे ठरवले की, ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याच्यासाठी काम केले त्या मूळ मालकाने ती द्यावी. नव्या कायद्यातही हे ठेवले आहे. पण मजुरी मागायला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे हजेरी, बिल्ला, पगाराची चिठ्ठी. हजेरीपटावर अंगठा उठवण्याआधी वर काय लिहिले आहे ते वाचा. किती दिवस भरले, किती रुपये लिहिले, ते पाहा. मग अंगठ्याऐवजी सही करा.

शेवटचे सांगणे

विक्रोळीच्या पेट्यांत कोट्यवधी मते पडली. त्या पेट्या करणाऱ्या हातांपैकी फार थोड्यांची नावे आपल्याला मिळतात. जे गेले त्यांची नावे आता शोधणे कठीण. पण तुमच्या घरातले जे हात आज काम करीत आहेत, त्यांची नावे राहायला हवीत. त्याला मोठी विद्या लागत नाही. चार सरळ वाक्ये, खाली नाव आणि तारीख. मामांनी तेवढेच केले.

यंदा दिवाळीला मुंबईचा पाहुणा कंपनीचे मासिक घेऊन आला, तर ते डब्यांखाली घालू नका. त्याच्याजवळ बसा आणि मोठ्याने वाचा. त्याला विचारा, “यात तुझं काम कुठं आहे?” तो लाजेल, पण सांगेल.

प्रश्न

१. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी का ठेवली?
२. पेटीला बाहेरून कुलूप का लावले नाही? ही गाठ कोणी सोडवली?
३. सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून का काढावी लागली?
४. मामांना पहिल्या वर्षी बक्षीस का मिळाले नाही?
५. बोनससाठी धरलेला पगार महिना ६,००० रुपये असेल, तर निदान किती बोनस मिळावा? हिशेब करा.

करून पाहा

१. तुमच्या घरात, शेतात किंवा गावच्या पाणवठ्यावर एखादी गोष्ट सुधारायला हवी असेल, तर ती चार वाक्यांत लिहा. खाली नाव आणि तारीख घाला. ग्रामपंचायतीत द्या. एक नक्कल स्वतःजवळ ठेवा.
२. मतदारांच्या यादीत आपले नाव शोधा. काना, मात्रा, वेलांटी बरोबर आहे का ते पाहा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा.
३. घरातल्या आईचे, आजीचे, बायकोचे पूर्ण नाव वहीत लिहा. अमक्याची आई असे लिहू नका.